आबांचा उजवा डोळा

आमच्या घराण्यात पुरुषाचा उजवा डोळा लवला की सगळे हातातली कामं सोडून वाट बघत बसतात. काहीतरी चांगलं होणार म्हणून. बाईचा मात्र डावा लवावा लागतो. तिचा उजवा लवला तर तिनं डोळ्यांना पाणी लावायचं आणि गप्प राहायचं. कुणाचा कोणता डोळा कशासाठी लवला, यावर शेवटचा शब्द माझ्या आत्याचा. खानदेशात आत्याला फुई म्हणतात, आणि आमच्या फुईसमोर बोलायची हिंमत गावात दोघांचीच होती: एक आबांची आणि दुसरी माझी. माझं कुणी ऐकायचं नाही, एवढाच फरक.

आबा म्हणजे माझे थोरले काका. सोनगीरजवळच्या आमच्या गावात त्यांची कापसाची शेती होती. माझे वडील धाकटे. ते नोकरीपायी जळगावला येऊन पिंप्राळ्यात घर करून राहिले, आणि कपडे चुरगळणार नाहीत अशा बेतानं वर्षातून दोनदा गावाला जात. मी धुळ्यात डॉक्टरकी शिकत होते. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. पहिल्या वर्षाला जिवंत माणूस कुणी हाताला लागू देत नाही, बेडूक देतात. त्यामुळे घरात माझं नाव बेडूकवाली पडलं होतं. सुट्टीत गावाला गेले की फुई हमखास विचारायची, "काय वं, एखादा बेडूक बरा व्हयना का?"

बेडूक बरा होत नसतो. त्याच्या पोटावरच्या स्नायूची पट्टी काढून टांगायची, तिला एक बारीक काडी जोडायची आणि समोर काजळी धरलेला कागद गुंडाळून ड्रम फिरवायचा. मग त्या पट्टीला अ‍ॅसिटिलकोलीन पाजायचं. पट्टी आखडते, काडी वर उठते, काजळीवर पांढरी रेघ उमटते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकातून हेच द्रव्य थेंबाथेंबानं सुटतं आणि स्नायूला सांगतं, चल, हल. पुढच्या तासाला तेच द्रव्य बेडकाच्या धडधडत्या हृदयावर टाकायचं. तिथं उलटंच. ठोके मंदावतात, लहान होतात, मात्रा जास्त झाली तर हृदय बसूनच राहतं. एकच द्रव्य हातापायांना म्हणतं चला आणि हृदयाला म्हणतं बसा.

वर्गातल्या मुलांना हे चमत्कारिक वाटलं. मला नाही वाटलं, कारण मी माझ्या सुट्ट्या आबांच्या घरात काढल्या होत्या. आबांनी ओट्यावरून एक हाक मारली की गडीमाणसं पळत सुटायची, आणि मोठी आई, म्हणजे आबांची बायको, चुलीपुढे होती तशी थिजायची. हाक एकच. ती कुणाच्या कानावर पडते त्यावर सगळं अवलंबून.

त्या वर्षी आबांच्या मुलीला बघायला यावलकडून पाहुणे यायचे होते. यावलकडचे म्हणजे केळीवाले. केळीवाल्यांना कापूसवाले जरा कोरडे वाटतात आणि कापूसवाल्यांना केळीवाले जरा जास्तच ओले, पण मुलीचं लग्न म्हटल्यावर आबांनी केळीविषयी चांगलं बोलायला सुरुवात केली होती. पाहुणे दुपारी येणार, आणि आबा सकाळी कपाशीवर औषध मारायला निघाले. मी विचारलं, आजच कशाला? तर बोंडात अळी दिसली होती, हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. घराला लागूनच शेत. पाहुणे जीपमधून उतरले की वाऱ्यावर औषधाचा वास यायला हवा. त्या काळी आमच्याकडे तो वास म्हणजे पत होती. ज्याच्या शेतातून नाकाला झोंबणारा वास येत नाही, तो शेतकरी कसला!

आबांची फवारणी बघण्यासारखी असायची. घरात एक सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी, पण औषधाच्या डब्याला आबा त्याला हात लावू देत नसत. तो सांडतो म्हणे. सालदारानं पाणी आणायचं, आबांनी औषध ओतायचं. ढवळायला काठी जवळच पडलेली असायची. ती काठी आबा वापरत नसत. सदरा काढून खुंटीला टांगायचा, कारण सदऱ्याला वास लागतो, आणि उघडा हात कोपरापर्यंत पिंपात घालून ढवळायचं. हाताला औषधाची ताकद कळते, असं त्यांचं म्हणणं. मग पंप पाठीवर घेऊन वाऱ्याच्या तोंडी उभं राहायचं. पंप गळका होता, आणि त्यांच्या पाठीवरून ओघळ थेट धोतरात जात असे. सदरा मात्र खुंटीवर कोरडा राही.

दुपार व्हायच्या आत आबा हसत घरात आले.

"उजवा डोया लवी ऱ्हायना," ते म्हणाले.

घरात आनंदीआनंद झाला. फुईनं जवळ जाऊन पाहिलं. पापणी खरंच थरथरत होती, कातडीखाली अळी वळवळावी तशी. "सोयरीक जमनीच," फुई म्हणाली. मोठ्या आईनं देवापुढे साखर ठेवली. थोड्या वेळानं आबांचा उजवा गाल उडायला लागला. तेही शुभ. मग उजवा दंड फुरफुरला. ते तर फारच शुभ, थोर पुरुषांचाच दंड असा फुरफुरतो, असं फुईनं सांगितलं. मग मांडी. मांडीचं शुभ-अशुभ फुईला आठवेना, पण एवढ्या चांगल्या बातम्यांत मांडी वाईट कशी असेल? म्हणून तीही शुभात धरली.

मी मागच्या दारातून आत आले तेव्हा आबा खाटेवर बसले होते आणि अंगावरून घाम निथळत होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. आणि अंगभर ठिकठिकाणी कातडी आपली आपण उडत होती. डाव्या बाजूलाही उडत होती, पण डाव्या बाजूकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं दिसलं. मी मनगट धरलं. नाडी इतकी सावकाश होती की दोन ठोक्यांच्या मध्ये मला भीती वाटायला वेळ मिळत होता.

मी ओरडले, आबांच्या अंगात विष भिनलंय, आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्यायला हवं.

"नाडी कशी शे?" फुईनं विचारलं.

"फार मंद आहे."

"म्हंजे शांत शे," फुई म्हणाली. "मंग वरडस कसाले?"

आता मी त्यांना काय सांगायचं? जे सांगायचं ते मला तोंडपाठ होतं. मज्जातंतूतून अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, निरोप पोचला की शरीर ते लगेच पुसून टाकतं, म्हणून स्नायू मोकळा होतो. कपाशीवरचं हे औषध ते पुसणंच बंद पाडतं. मग निरोप साचत जातो. पापणी, गाल, दंड यांना सारखं चल, चल, चल आणि हृदयाला सारखं बस, बस, बस. असंच चाललं तर स्नायू थकून लुळे पडतात, श्वासाचेसुद्धा, आणि हृदय खरंच बसतं. हे मी अर्धं मराठीत आणि अर्धं पुस्तकात असतं तसं, एका दमात सांगितलं. फुई शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "हाई बठ्ठं बेडूकमा." म्हणजे हे सगळं बेडकांत होत असेल. आणि पाहुण्यांसाठी पोहे भिजवायला उठली.

मला त्या क्षणी तिच्या डोक्यात परात घालावीशी वाटली होती. आजही वाटते.

आबांना मी म्हटलं, तुम्हाला तरी कळतंय ना? आबांना धूसर दिसत होतं, पोटात पीळ पडत होता, पण पाहुणे आल्यावर यजमान दवाखान्यात सापडला तर मुलीच्या बापाला रोग आहे अशी बोंब होईल, हे त्यांना लख्ख दिसत होतं. "पाव्हना जाऊ दे. मंग पाहू," ते म्हणाले. बोलताना लाळ सदऱ्यावर पडली. हो, आता सदरा घातला होता. ओलं अंग पुसलंसुद्धा नव्हतं.

लाळेचा बंदोबस्त फुईनं केला. तिनं आबांच्या तोंडात विडा कोंबला. पान खाल्लेल्या माणसाच्या तोंडातून काही गळलं तर त्याला कुणी रोग म्हणत नाही.

पाहुणे आले. जीपमधून मुलाचे वडील उतरले, एक आत्या उतरली, शेवटी मुलगा उतरला. वासाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आबांनी उठून नमस्कार केला आणि नमस्कारात जोडलेले हात सुटेनात, थरथरतच राहिले. मुलाच्या वडिलांना तो आदर वाटला. त्यांनीही बराच वेळ हात जोडून ठेवले. मग आबा बसले, म्हणजे कोसळले, आणि लाल लाळ हनुवटीवरून पांढऱ्या सदऱ्यावर उतरली. "पान जरा कडक शे," फुई म्हणाली.

मी पुढे झाले. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे घरातल्या पोरीनं तोंड उघडू नये हे मला माहीत होतं. मी मुलाच्या वडिलांना म्हटलं, "यांना फवारणीचं विष चढलंय. हृदय थांबत चाललंय. तुमची जीप द्या."

त्यांनी आबांकडे पाहिलं, फुईकडे पाहिलं, विड्याकडे पाहिलं आणि काही न विचारता उठले. सालदारानं आबांना पोत्यासारखं खांद्यावर घेतलं. फुईही जीपमध्ये चढली आणि माझ्या कानात म्हणाली की सोयरीक मोडली तर माझ्या नावानं मोडली. धुळ्यापर्यंत मी आबांची मान धरून बसले होते आणि त्यांच्या छातीवर कान लावून पुढच्या ठोक्याची वाट बघत होते. एवढी आर्जवं मी आयुष्यात कुणाची केली नाहीत.

दवाखान्यात त्यांचे कपडे काढून अंग धुतलं आणि शिरेतून अ‍ॅट्रोपीन सुरू केलं. वर्गात आम्ही बेडकाच्या हृदयावर आधी अ‍ॅट्रोपीन टाकायचो आणि मग अ‍ॅसिटिलकोलीन. मग हृदय मंदावायचंच नाही, निरोप दारातून परत जायचा. इथंही तसंच झालं. लाळ आटली, घाम थांबला, नाडी वर आली, मग पळायला लागली. स्नायूंची फडफड मात्र लगेच थांबली नाही, कारण अ‍ॅट्रोपीनची मात्रा हातापायांच्या स्नायूंवर चालत नाही. त्याला दुसरं इंजेक्शन होतं, तेही दिलं. मी भिंतीला टेकून रडले. परीक्षेत पास झाल्यावर रडले नव्हते.

आणि इथून पुढे आमच्या माणसांची खरी कमाल. घरी आबा मरत होते तेव्हा सगळं शुभ होतं. आता ते वाचत होते तर घरच्यांना एकही लक्षण बरं दिसेना. तोंड कोरडं ठाक, चेहरा लालबुंद, बाहुल्या मोठ्या, छाती धाडधाड. भरीला औषधाच्या मात्रेनं भ्रम झाला. आबांना तो वॉर्ड कपाशीचं शेत वाटायला लागला. ते चादरीतून कापूस वेचू लागले, वेचलेला शेजारच्या पेशंटच्या अंगावर ठेवू लागले, आणि त्याला म्हणाले, "बैल सोड रे, ऊन व्हयनं."

फुईनं पदर खोचला. "घर कसा शांत व्हता मना भाऊ," ती डॉक्टरांना म्हणाली. "तुम्ही सुई टोची टोची येडा करा. छाती पाहा कशी पयस! बस करा आते. आम्ही घर ली जातस."

डॉक्टर आधीच थकलेले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की विष अजून अंगात आहे, इंजेक्शन थांबवलं तर हृदय पुन्हा खाली जाईल, घरी नेलं तर वाटेतच संपतील. मी फुईला तेच सांगितलं. सोपं करून सांगितलं, ओरडून सांगितलं, पाया पडून सांगितलं. ती आबांच्या अंगाखालची चादर गोळा करायला लागली. मी खाटेवर चढून आबांच्या पायांवर बसले, आता न्या म्हटलं. सगळा वॉर्ड बघत होता. आबांनी माझ्या वेणीतून थोडा कापूस वेचला.

मुलाचे वडील तोवर दारातच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "डॉक्टर सांगतात तसं होऊ द्या."

फुईनं चादर सोडली. वरपक्ष बोलला होता. मज्जातंतू, स्नायू, हृदय, माझं सगळं शिक्षण एका पारड्यात आणि मुलाचा बाप दुसऱ्यात, तर हे असंच व्हायचं. मी त्यांचे आभार मानले. मनातून मात्र मला त्यांचाही थोडा रागच आला.

आबा वाचले. सोयरीकही जमली, त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात, चहाच्या कपांवर. ज्या माणसासाठी जीप दिली त्याच्या घरची मुलगी आता परकी कशी, असं मुलाचे वडील म्हणाले. मी खूष झाले, आणि तेवढ्यात फुई माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्यं? उजवा डोया खोटं बोलत नही."



पुढच्या वर्षी कपाशीला बोंडं धरली तेव्हा मी गावाला गेले. आबा ओट्यावर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. आता ते सासरे झाले होते. शिवाय आयुष्यात पुन्हा त्या औषधाला शिवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि डॉक्टरांचा शब्द आबांनी तंतोतंत पाळला होता. औषधाला ते शिवत नव्हते. सालदार शिवत होता. पंप तोच, गळका. ढवळायची पद्धतही आबांनी स्वतः शिकवलेली, कोपरापर्यंत हात घालून. काठीला अजून कुणी हात लावला नव्हता.

मी आबांशी भांडायला तोंड उघडणार, एवढ्यात सालदार पंप घेऊन आला. उघडा, भिजलेला, आणि हसत.

"बाई, मना उजवा डोया लवी ऱ्हायना," तो मला म्हणाला. "आबानी पोरनं जमनं तसं मनी पोरनंबी जमी."

पापणीखाली तीच वळवळ होती. त्याची मुलगी लग्नाची होती, दोनदा ठरून मोडलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्यानं बघवेना. मी आबांकडे पाहिलं. सगळ्या पृथ्वीवर त्या वळवळीचा अर्थ कुणाला कळायला हवा असेल तर या एका माणसाला.

"लवू दे," आबा म्हणाले. "चांगलं शे. वावर तेवढं पुरं कर."

मी सालदाराचं मनगट धरलं. नाडी आमच्या घरच्या भाषेत शांत होती.

मग मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ओट्याखाली गाव जमला. दुधाचा टेम्पो धुळ्याकडे निघाला होता, तो अडवला. सालदाराला आत घातलं. तो येईना, चांगल्या दिवशी दवाखाना कशाला म्हणे. आबा ओट्याच्या पायरीपर्यंत आले आणि म्हणाले, "आते फवारा कोण मारी?"

"तुम्ही," मी म्हटलं, "नाहीतर बसा गाडीत."

गाव बघत होता म्हणून ते गाडीत बसले. कॅनच्या मध्ये सालदार गुडघ्यात डोकं घालून बसला होता, आता त्याच्याही तोंडातून लाळ सुटली होती, आणि त्याला विडा द्यायला कुणी नव्हतं.

तोच दवाखाना, तेच इंजेक्शन. फार उशीर झाला नव्हता. घाम आटला, बाहुल्या पसरल्या, नाडी चढायला लागली, आणि मग त्यालाही भ्रम झाला. मला वाटलं, हाही आता चादरीतून कापूस वेचणार. त्यानं कशालाच हात लावला नाही. तो उशीला टेकून बसला, तंगडीवर तंगडी टाकली, आणि खाटेपाशी उभ्या असलेल्या आबांना नीट ओळखून म्हणाला, "आबा, सदरा काढ. खुंटीले टांग."

आबा हलले नाहीत.

"वास लागी," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "काढ. हात घाल पिंपमा. कोपरलगून घाल. काठी नको."

आबांचा हात सदऱ्याच्या वरच्या गुंडीवर गेला आणि तिथंच राहिला. वॉर्डात सगळे ऐकत होते.

"इंजेक्शननी बडबडस ना तो?" आबांनी मला हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि सालदाराचं मनगट हातात घेतलं. नाडी आता चांगली पळत होती.